शारजाची धावपट्टी आणि घरातले वाय-फाय

संयुक्त अरब अमिरातींत वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट रेडिओलहरींवरून घरभर पोहोचवणारे उपकरण, जोडताना त्याच्या सेटिंगमध्ये देशाचा एक रकाना असतो. नाव आणि पासवर्ड यांच्या घाईत त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. परंतु कोणते चॅनेल वापरायचे आणि किती शक्तीने प्रक्षेपण करायचे, याची मर्यादा तोच रकाना आखून देतो. या मर्यादांचा इतिहास शोधू गेल्यास अभ्यासकाला या किनाऱ्यावरच्या विमानवाहतुकीपर्यंत मागे जावे लागते.

इराणच्या किनाऱ्यावरून जाणारा हवाई मार्ग चालू ठेवणे अशक्य झाल्यावर ब्रिटिशांच्या इंपीरियल एअरवेज कंपनीने आखाताच्या अरब किनाऱ्याकडे मोर्चा वळवला, आणि १९३२ साली शारजाचे शासक शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्याशी करार होऊन तेथे धावपट्टी व प्रवाशांच्या मुक्कामासाठी गढीवजा विश्रामगृह उभे राहिले. लंडनहून निघालेली विमाने येथे थांबून कराचीकडे जात, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यातच होते. वाळवंट आणि समुद्र यांच्यामधल्या या तळाला विमानांशी संपर्क ठेवण्यासाठी बिनतारी यंत्रणेवाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे रेडिओलहरी येथे दळणवळणाचे साधन म्हणून रुजल्या त्या सामान्य रहिवाशासाठी नव्हे, तर वाटेवरच्या वैमानिकासाठी. पुढे दुबईत १९५९ साली तेथील शासक शेख रशीद यांच्या पुढाकाराने टेलिफोन कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिचे काम इंटरनॅशनल एअरेडिओ या मूळच्या विमानसंपर्काच्या कंपनीकडे सोपवले गेले, ही बाब त्या परंपरेला धरूनच होती.

१९७१ साली संघराज्य झाले, १९७६ साली एतिसलात ही दूरसंचार संस्था आली, १९९५ साली इंटरनेट सुरू झाले आणि २००३ च्या कायद्याने दूरसंचार नियामक प्राधिकरण निर्माण होऊन वारंवारतांचे, म्हणजे रेडिओलहरींच्या दर सेकंदाच्या कंपनसंख्यांनुसार पडणाऱ्या पट्ट्यांचे, नियोजन त्याच्याकडे गेले.

वाय-फायचे पहिले मानक १९९७ चे. त्याचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा १३ चॅनेलांत विभागलेला असला, तरी शेजारशेजारच्या चॅनेलांच्या मध्यांत अवघे ५ मेगाहर्ट्‌झचे अंतर आणि प्रत्येकाचा पसारा सुमारे २० मेगाहर्ट्‌झचा, त्यामुळे एकमेकांत न मिसळणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेले साधारणतः हाती उरतात. भारतीय कुटुंबांनी गजबजलेल्या बर दुबई किंवा करामासारख्या वस्तीत, जेथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत, ही टंचाई तीव्रतेने जाणवते, आणि प्रक्षेपणशक्ती वाढवून ती मिटत नाही. उलट शेजाऱ्याचा अडथळा वाढतो. तेथे शक्ती कमी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा बरीच मोकळी आहे, पण तिचा काही भाग आधीपासून रडारांचा, आणि त्यांत हवामानाचा वेध घेणारी रडारेही येतात, ज्यांच्या माहितीवर विमानतळ विसंबून असतात. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओसंपर्क परिषदेने हा भाग वाय-फायला देताना अट घातली, की उपकरणाने आधी त्या चॅनेलवर रडारचा आवाज ऐकू येतो का हे तपासावे आणि तो आढळताच चॅनेल सोडावे. अशा चॅनेलवर ॲक्सेस पॉइंट सुरू केल्यावर जाळे दिसण्यास एखादे मिनिट वा अधिक वेळ लागतो, तो बिघाड नसून हेच ऐकणे असते. १९३२ साली विमानासाठी आलेल्या लहरींचा मान येथे आजही विमानाकडेच राहिला आहे, आणि तो तसा राहणे योग्यच आहे.

त्यापुढची वाटणी खुद्द दुबईत झाली. नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये तेथे भरलेल्या याच परिषदेत ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा युरोप, आफ्रिका व अरब देशांच्या विभागासाठी मोबाइल सेवांकरिता निश्चित करण्यात आला. अमेरिकेने मात्र २०२० सालीच ५९२५ ते ७१२५ हा सबंध पट्टा वाय-फायला खुला केला होता. अमिरातीत वाय-फायच्या वाट्याला त्यातला खालचा, ६४२५ पर्यंतचाच भाग आहे. म्हणून अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेला ॲक्सेस पॉइंट, देशाचा रकाना बदलता येत नसल्यास, अबुधाबीतल्या घरात येथे मुभा नसलेल्या चॅनेलवर बोलू लागण्याचा संभव असतो.