व्यवसाय विदा विश्लेषण : पदवी शिक्षण (वाशिम जिल्हा)

व्यवहारात साठलेल्या आकड्यांवरून व्यापारी निर्णय घेण्याची विद्या, म्हणजेच बिझनेस डेटा ॲनालिटिक्स. पदवी स्तरावर ती बहुधा बीबीए, बीकॉम किंवा बीएस्सीच्या अंगाने शिकवली जाते. संख्याशास्त्र, लेखाकर्म, एक्सेल, एसक्यूएल व पायथन हा तिचा गाभा.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्रात बीबीएसाठी २०२४ पासून सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. गाव न सोडता शिकू पाहणाऱ्यांना आयआयटी मद्रासची २०२० मध्ये जाहीर झालेली डेटा सायन्समधील ऑनलाइन पदवीही खुली आहे. तिची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

या विषयाला लागणारी विदा जिल्ह्यातच आहे. वाशिम, कारंजा, रिसोड येथील बाजार समित्या सोयाबीनची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर नोंदवतात. १० क्विंटल माल ५,००० रुपयांनी आणि ९० क्विंटल ४,००० रुपयांनी विकला गेला, असे समजू. साधी सरासरी ४,५०० येते, वजनानुसार काढलेली ४,१०० रुपये. हा चारशेचा फरक ज्याला दिसला त्याला विषय उमगू लागला. मालातील ओलावा व काडीकचरा दर पाडतो, म्हणून प्रतवारीची नोंदही हवी. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक उत्पादनाच्या अंदाजासाठी नमुना पाहणीची पद्धत रुजवली. त्यांचे काम या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.