सुटा भाग कोणाच्या हाती?

मागच्या भागानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या प्रेक्षकांनी एकच प्रश्न विचारला: जुनी छऱ्याची बंदूक दुरुस्त करायची आहे, पण कंपनी सुटे भाग देत नाही. काय करावे? मलाही हेच उत्तर मिळाले होते. मला हवा होता फक्त एक वॉशर. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दुखणे एका कंपनीचे नाही. आणि ते जुने आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्दोनी नावाची हवेची रायफल होती. दस्त्याच्या जागी हवेची टाकी, बाजूच्या नळीत वीसेक गोळ्या, धूर नाही, ठिणगी नाही. त्या काळी एक गोळी झाडून दुसरी भरेपर्यंत सैनिकाचा जीव टांगणीला लागे. तरीही 1815च्या सुमारास ही रायफल सेवेतून गेली. टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार हेलपाटे लागत, आणि बिघाड झाला तर तो काढणारा खास कारागीर हवा. रणांगणावर तो कुठून आणणार?

आता दुसरी बाजू पाहा. 1803 ते 1806 या काळात लुईस आणि क्लार्क यांची तुकडी अमेरिका ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन आली. लुईसपाशी एक हवेची रायफल होती. ती याच जातीची असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. 10 जून 1805 रोजी तिची मुख्य स्प्रिंग तुकडीतल्या जॉन शील्ड्स या लोहाराने नवी बसवली. 20 मार्च 1806च्या नोंदीत लुईस लिहितो त्याचा आशय असा: जादा चाप आणि चापांचे सुटे भाग बरोबर आणले नसते आणि शील्ड्सचे कसब नसते, तर बहुतेक बंदुका एव्हाना निकामी झाल्या असत्या.

सुटा भाग आणि जाणता हात. फौजेत आम्ही हेच शिकलो. 1943 साली उभी राहिलेली ईएमई कोर त्यासाठीच आहे. आर्मररकडे भाग नसेल, तर उत्तम हत्यारही नुसती काठी.

कंपन्यांचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेऊ नका. दाबलेली स्प्रिंग अजाण हातातून सुटली तर डोळा जाऊ शकतो. शिवाय 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि 4.5 मिलिमीटरपर्यंत नळी असेल, तरच परवान्यातून सूट आहे. कोणी जबर स्प्रिंग घालून ही मर्यादा ओलांडली, तर ते बेकायदा हत्यार होते.

पण हा धोका जबर स्प्रिंगचा आहे, झिजलेल्या वॉशरचा नाही. मूळ मापाचा वॉशर बंदुकीला पूर्वीइतकीच ताकद देतो, जास्त नाही. उलट तो मिळाला नाही की माणूस गल्लीतल्या लेथवर अंदाजपंचे भाग कातून घेतो. माप कोणी तपासत नाही. म्हणजे सुरक्षेच्या नावाने घातलेली बंदी असुरक्षिततेलाच दार उघडते.

मोटारींच्या बाबतीत हा वाद आपल्याकडे झाला आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014मध्ये 14 कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तिथेही सुरक्षेचे कारण पुढे केले होते. पुढे अपिले झाली, पण प्रश्न ऐरणीवर आला. 2022 साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. एअरगन त्यात नाही.

माझी मागणी साधी आहे. वॉशर, सील, स्क्रू, मूळ मापाची स्प्रिंग हे भाग बंदुकीचा क्रमांक नोंदवून विका. स्प्रिंग बसवण्याचे काम प्रशिक्षित मेकॅनिककडे ठेवा आणि त्याला नकाशा द्या. ताकद वाढवणारे भाग बंदच ठेवा. वडिलांनी घेऊन दिलेली बंदूक एका वॉशरवाचून भंगारात जाऊ नये, एवढेच.

जय हिंद.