फोटोग्राफीसाठी मोबाईलमध्ये कोणती ॲप्स ठेवावीत?

प्ले स्टोअरवर 'फोटो एडिटर' असं शोधलं की शेकडो ॲप्स समोर येतात. बहुतेक एकाच साच्यातली: फिल्टर, फ्रेम, चेहरा उजळ करणारं बटण आणि मध्ये मध्ये जाहिराती. फोटोग्राफीची खरी आवड असेल, मग ती मोबाईलवर असो की डीएसएलआरवर, तर चार-पाच ॲप्स पुरतात.

सुरुवात फोटो काढण्याआधी लागणाऱ्या ॲपपासून करू, कारण त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

सूर्य नेमका कुठे उगवणार?

'सूर्य पूर्वेला उगवतो' एवढ्या माहितीवर फोटो मिळत नाही. महाराष्ट्रात जूनच्या अखेरीस सूर्य पूर्वेपासून साधारण 25 अंश उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस जवळपास तितकाच दक्षिणेकडे. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा 50 अंशांनी सरकते. डिसेंबरमध्ये किल्ल्याच्या बुरुजामागून वर येणारा सूर्य पाहून तुम्ही तोच फोटो घ्यायला मे महिन्यात पहाटे गड चढलात, तर तो भलत्याच डोंगरामागून उगवेल.

हे आधीच दाखवणारं ॲप म्हणजे फोटोपिल्स. नकाशावर जागा आणि तारीख निवडली की सूर्य, चंद्र आणि आकाशगंगा कुठे असतील ते दिसतं. जागेवर उभे असाल, तर मोबाईल समोर धरून कॅमेऱ्यातल्या दृश्यावरच सूर्याचा मार्ग पाहता येतो. ॲप विकत घ्यावं लागतं. फक्त तारे आणि आकाशगंगा हव्या असतील, तर स्टेलेरियमची मोफत आवृत्ती चालते. आपल्याकडे आकाशगंगेचा मधला तेजस्वी भाग टिपायला मार्च ते मे हे महिने चांगले. पुढे पावसाळी ढग आडवे येतात. रात्र अमावास्येच्या आसपासची निवडा.

फोटोपिल्समधली आणखी एक उपयोगी गोष्ट म्हणजे ब्लू अवरची वेळ. नावात 'अवर' असला तरी फसू नका. सूर्य क्षितिजाखाली 4 ते 6 अंश असतानाचा हा निळा प्रकाश आपल्या भागात जेमतेम 8 ते 10 मिनिटं टिकतो. तोपर्यंत ट्रायपॉड लावून तयार असायला हवं.

कॅमेरा आणि एडिटिंग

फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर स्पीड, आयएसओ हातात येत नसेल, तर अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा वापरून बघा. तो मोफत आणि ओपन सोर्स आहे. तुमच्या फोनने परवानगी दिली असेल, तर रॉ फोटोही घेता येतात. मात्र एक रॉ फोटो सहज 20 एमबीच्या आसपास जातो, त्यामुळे हळदीच्या कार्यक्रमात सगळेच फोटो रॉमध्ये काढू नका.

एडिटिंगसाठी स्नॅपसीड. 2012 मध्ये गूगलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली, तेव्हापासून ते गूगलचं आहे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. त्यातलं 'सिलेक्टिव्ह' हे टूल आधी शिका. दारात उभं राहून काढलेल्या फोटोत मागचा उजेड प्रखर आणि आजीचा चेहरा काळा आला असेल, तर चेहऱ्यावर बिंदू ठेवा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान-मोठं करा आणि फक्त तेवढाच भाग उजळवा. पूर्ण फोटोचा ब्राइटनेस वाढवला असता, तर मागचं अंगण पांढरंफटक झालं असतं. 'एचडीआर स्केप' मात्र जपून वापरा. जास्त झालं की सह्याद्रीही प्लास्टिकचा दिसतो.

लाइटरूम चांगलंच आहे, पण रॉ एडिटिंग, मास्किंग अशा कामाच्या गोष्टींना पैसे पडतात. मोफत ट्रायल घेतलीत, तर ती संपण्याआधी स्टोअरमधल्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करा. नुसतं ॲप डिलीट केल्याने वर्गणी थांबत नाही, पैसे कापले जात राहतात.

पाठवताना काय होतं?

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. 2023 पासून एचडीचा पर्याय आला, तरी तोही मूळ फाईल नसतो. प्रिंटसाठी द्यायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण इथे एक मेख आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर फोटो काढल्याची नेमकी जागा फाईलमध्ये साठते आणि डॉक्युमेंटसोबत ती समोरच्याकडे पोहोचते. घरातल्या मुलांचे फोटो अनोळखी ग्रुपवर टाकताना किंवा घुबडाच्या घरट्याचा फोटो पक्षीप्रेमींच्या मोठ्या ग्रुपवर देताना हे महत्त्वाचं ठरतं. घरटं सापडलं की तिथे गर्दी व्हायला वेळ लागत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करता येतो. आयफोनवर फोटो शेअर करताना वर 'ऑप्शन्स' दिसतं, तिथे लोकेशन काढता येतं.

राहिली ती चेहरा सुंदर करणारी ॲप्स. 2019 च्या सुरुवातीला गूगलने अशी 29 ब्युटी कॅमेरा ॲप्स प्ले स्टोअरवरून हटवली. त्यातली काही अश्लील जाहिराती दाखवत होती, काही लोकांचे फोटो परस्पर आपल्या सर्व्हरवर नेत होती. नवं ॲप टाकताना ते कोणत्या परवानग्या मागतंय ते वाचा. फोटो एडिट करणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स किंवा एसएमएस हवे असतील, तर ते तिथेच काढून टाका.