कार्बामॅझेपिन आणि त्याच्या 'इपॉक्साइड'ची गोष्ट

आकडीसाठी (फिट्ससाठी) किंवा चेहऱ्यात विजेसारखी कळ मारते म्हणून तुमच्या घरात कुणी 'टेग्रेटॉल' घेत असेल, तर हा लेख त्यांना जरूर वाचायला द्या. या गोळीतलं औषध म्हणजे कार्बामॅझेपिन.

१९५३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉल्टर शिंडलर यांनी ते तयार केलं. १९६२ मध्ये स्वीडनच्या ब्लोम यांनी चेहऱ्याच्या त्या भयंकर कळेवर, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर, ते गुणकारी असल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे आकडीसाठीही ते जगभर वापरात आलं.

आता गोळी पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू. यकृत या औषधाच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडतं आणि 'कार्बामॅझेपिन इपॉक्साइड' तयार होतं. शरीरात औषधापासून बनणाऱ्या अशा पदार्थाला मेटाबोलाइट म्हणतात. १९७२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी रुग्णांच्या लघवीतून हा पदार्थ वेगळा करून ओळखला. मेटाबोलाइट म्हणजे औषधाचा चोथा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इथे तो साफ चुकीचा ठरला. स्वीडनमध्ये टॉम्सन आणि बर्टिल्सन यांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या रुग्णांना कार्बामॅझेपिनऐवजी शुद्ध इपॉक्साइडच दिलं, आणि त्यांची कळ थांबली! हे १९८४ साली प्रसिद्ध झालं. (औषधाऐवजी त्याचा मेटाबोलाइट देऊन पाहण्याची ही कल्पना मला फार आवडते.)

जो पदार्थ काम करतो, तो जास्त झाला तर त्रासही देणारच. एरवी यकृतातलं एक एन्झाइम इपॉक्साइडचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. पण व्हॅल्प्रोएट हे आकडीचं दुसरं औषध नेमकं याच एन्झाइमला अडवतं. ही दोन्ही औषधं अनेकांना एकत्र दिली जातात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र अशा वेळी कधीकधी चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, मळमळतं. रक्ततपासणीत कार्बामॅझेपिनची पातळी ४ ते १२ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत, म्हणजे अगदी नॉर्मल! कारण नेहमीची तपासणी मूळ औषध मोजते, इपॉक्साइड नाही. रिपोर्ट चांगला आहे म्हणून रुग्णाचं बोलणं 'मनाचे खेळ' ठरवलं जातं, ते इथेच.

तेव्हा दुसरी गोळी सुरू झाल्यावर असं काही वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. रिपोर्टसोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. मनाने गोळी बंद मात्र अजिबात करू नका. अचानक बंद केल्यास आकडीवर आकडी येऊ शकते.

इपॉक्साइडची पातळी मोजणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. यंत्राला रक्तातलं इपॉक्साइड बिनचूक ओळखता यावं, म्हणून तिथे तुलनेसाठी शुद्ध इपॉक्साइडची पूड लागते. संशोधनासाठी ती बाटलीतून विकत मिळते. औषध म्हणून मात्र इपॉक्साइड कधी बाजारात आलं नाही. उलट रसायनतज्ज्ञांनी मूळ रेणूतच बदल करून ऑक्सकार्बाझेपिन बनवलं, ज्यापासून शरीरात हे इपॉक्साइड तयारच होत नाही. त्यामुळे व्हॅल्प्रोएटची ही अडचण टळली, पण रक्तातलं सोडियम कमी होण्याचा त्रास ऑक्सकार्बाझेपिनने जास्त होतो, विशेषतः वयस्कर मंडळींना.