ओटा आणि नकाशा

महानुभावांची ‘स्थानपोथी’ मी प्रथम उघडली ती भूगोलाचा विद्यार्थी म्हणून. श्रीचक्रधरस्वामी यादवकाळात कोणत्या गावी थांबले, कुठे बसले, कुठे निजले, याची ही नोंद. शेजारी महाराष्ट्राचा नकाशा ठेवून मी गावांवर ठिपके देत गेलो. गोदावरीच्या काठी ते दाटले. पंथाचा प्रसार कळला, असे वाटले. डेव्हिड सोफर यांनी १९६७ साली धर्माच्या भूगोलावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याचीही वाट साधारण हीच : धर्माने भूमीवर उमटवलेल्या खुणा पाहायच्या, व्यक्तीच्या धर्मानुभवात फारसे शिरायचे नाही.

पण पोथी गावाच्या नावावर थांबत नाही. देवळाचे तोंड कुठल्या दिशेला, आसन कुठल्या बाजूला, हेही ती सांगते. वाटसरूला एवढा तपशील कशाला हवा?

उत्तर नकाशात नव्हते, पंथाच्या विचारात होते. महानुभाव देवदेवतांच्या मूर्ती पुजत नाहीत; अवताराचा स्पर्श झालेली जागा मात्र त्यांना वंदनीय. स्वामी निघून गेल्यावर अनुयायांजवळ उरले ते स्मरण आणि त्या जागांचा संबंध. म्हणून तिथे ओटा बांधायचा आणि त्यावर डोके टेकायचे. चार हात चुकले, तर नमस्कार दुसऱ्याच जागेला. म्हणजे पोथीतला काटेकोर भूगोल श्रद्धेच्या गरजेतून आला होता.

उलट बाजूही खरी. स्वामींनी अनुयायांना महाराष्ट्रातच राहायला सांगितले. धर्माचा अभ्यासक याला आचारधर्म म्हणेल. पण हा ‘महाराष्ट्र’ कुठवर, हे विचारताच त्याला गावे, नद्या आणि वाटा पाहाव्या लागतात. अशा जोडलेल्या जागांतून लोकांच्या मनात प्रदेश कसा घडतो, हे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ सालच्या ‘कनेक्टेड प्लेसेस’मध्ये दाखवले आहे.

पोथीने खूण म्हणून सांगितलेली कितीतरी देवळे आज नाहीत. १९७६ साली जायकवाडी धरण पुरे झाले आणि पैठणच्या वरचा गोदाकाठ पाण्याखाली गेला. हरवलेल्या देवळांसाठी इतिहासकार ही पोथी वाचतात, ते योग्यच. पण तेवढ्यासाठीच वाचली, तर दिशा मिळेल आणि त्या दिशेला कोणी का जात होते, ते हरवेल.

तो नकाशा अजून माझ्याकडे आहे. आता प्रत्येक ठिपक्याशेजारी मी एकेक शब्द लिहितो : बसले, निजले, जेवले.