वऱ्हाडच्या कापूस बाजाराची कुळकथा

आज राज्यभर पसरलेल्या बाजार समित्यांचं मूळ कारंजा (लाड) इथं सापडतं. हे गाव 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशीममध्ये आहे. 1886 साली हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकमानं इथं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजी अमलाखाली होता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडाकडे वळलं. त्यांना बिनभेसळ माल बेताच्या दरात हवा होता. 1886 च्या हुकमामागं हीच निकड होती; कास्तकाराचं भलं त्यात नंतर शिरलं.

कास्तकाराला मात्र अशा नियंत्रणाची मोठी गरज होती. बंडी अडत्याच्या दारी लागली की दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत. बंडीशेजारी उभ्या मालकाला त्यातलं काही कळत नसे. मग पट्टीतून अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय वजा होई. वर वजनातली कटती वेगळीच. वर्षाची मेहनत अशी डोळ्यांदेखत झिजे. 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यानं दलाल-तोलाऱ्यांना परवाने सक्तीचे केले, मनमानी कपातीला आळा घातला. पण समितीत वरचष्मा राहिला व्यापाऱ्यांचा. शेतकऱ्याच्या प्रतिनिधित्वाची सोय 1927 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात झाली, आणि वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला! बाजार घडवला वऱ्हाडानं, मान मिळाला दुसऱ्यांना.

बाजाराला नियम घालून न थांबता सरकारनं भावातच हात घालावा, हा विचार अमेरिकेनं 1933 मध्ये अमलात आणला. मंदीत दर कोसळले तेव्हा रूझवेल्ट सरकारनं शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे 1 कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला, शिवाय मालावर कर्जही दिलं. आपल्याकडे ते धाडस महाराष्ट्रानं केलं. 1971 च्या कायद्यानं 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. हमी भाव मिळाला, पण दुसरीकडे विकायची मुभा गेली, चुकारे हप्त्यांत येऊ लागले. सीमेपलीकडे दर चढला की माल चोरवाटेनं मध्य प्रदेशात जाई. मी त्यासाठी कास्तकाराला दोष देणार नाही. नवं शतक उजाडल्यावर ती मक्तेदारीही संपली.

बाजारातल्या वजनाला आणि कपातीला कायद्याचा धाक आहे. केंद्र दरवर्षी जाहीर करतं त्या हमी भावाला मात्र अजून कायद्याचा आधार नाही.