राखीव रोकड, खेळउद्योगातील

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने चालू गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पैसा बँक खाती, मुदत ठेवी आणि केव्हाही मोडता येतील असे रोखे या रूपांत हाताशी ठेवणे. वृत्तपत्रे याला गंगाजळी म्हणतात. ताळेबंदातला राखीव निधी आणि ही रोकड यांची गल्लत होऊ नये. राखीव निधी देण्यांच्या बाजूला लिहिला जातो, रोकड मालमत्तेच्या. पुस्तकात निधी भरपूर आणि तिजोरीत खडखडाट ही स्थिती गावोगावच्या विकास सोसायट्या तपासणाऱ्यांना नवी नाही, कारण निधीचा पैसा कर्जवाटपात किंवा गोदामाच्या भिंतींत गेलेला असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ प्रमाणे नफ्यात असलेल्या संस्थेला निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. कंपनी कायदा, २०१३ खाली तशी सक्ती नाही. त्यामुळे खेळकंपनीने साठा केला, तर तो तिने आपखुशीने केलेला असतो.

कारणे. मोठा खेळ तयार व्हायला तीन ते सहा वर्षे लागतात. तेवढा काळ पगार दरमहा जातात आणि त्या खेळातून जमेला काहीच येत नाही. खेळ बाजारात आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्याचे नशीब बहुधा ठरते. पडला तर त्यात घातलेले बहुतेक सगळे गेले, कारण अर्धवट प्रोग्रामवर आणि चित्रांवर बँक तारण कर्ज देत नाही. खेळयंत्रही बनवणाऱ्या कंपनीला विक्रीआधीच सुट्या भागांची खरेदी करून ठेवावी लागते. मोबाइलवरच्या खेळांत विक्रीचा मोठा वाटा, साधारणपणे ३० टक्क्यांपर्यंत, ॲपदुकान कापून घेते आणि उरलेली रक्कम काही आठवड्यांनी हाती देते.

निन्टेन्डो. क्योटो, स्थापना १८८९, मूळ धंदा हानाफुदा पत्त्यांचा. या विषयावरच्या लेखनात हिचेच उदाहरण आधी येते. २००६ च्या ‘वी’ यंत्राचे १० कोटींहून अधिक नग खपले, तर २०१२ च्या ‘वी यू’चे जेमतेम १ कोटी ३५ लाख. मार्च २०१२ पासून मार्च २०१४ पर्यंत संपलेल्या तिन्ही आर्थिक वर्षांत मूळ व्यवहार तोट्यात होता. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, पण माणसे कमी करून ताळेबंद सुधारायला जाहीर नकार दिला. (जर्मनीतले एक कार्यालय २०१४ मध्ये बंद झाले, हे गुणगान करताना सहसा गाळले जाते.) कर्ज न काढता ही वर्षे निघाली आणि मार्च २०१७ मध्ये ‘स्विच’ आले. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. साठ्याला किंमतही मोजावी लागते. जपानमध्ये त्या काळी ठेवींवर व्याज नगण्य होते, आणि परदेशी चलनात ठेवलेली रक्कम येन वधारला की पुस्तकात घटते.

सेगा. २००१ मध्ये खेळयंत्रांच्या धंद्यातून बाहेर पडली. इथे साठ्याची उणीव एका माणसाने भरली : त्याच वर्षी अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मृत्यूपूर्वी स्वतःचे सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर किमतीचे शेअर कंपनीला देऊन टाकले.

नझारा टेक्नॉलॉजीज. मुंबई, संस्थापक नितीश मित्तरसेन. शेअर बाजारातली नोंदणी मार्च २०२१. महाराष्ट्रातल्या या कंपनीची कागदपत्रे जाहीर असल्याने तिच्याविषयी जास्त लिहिता येते. सुमारे ५८३ कोटी रुपयांची पहिली समभाग विक्री गाजली, शेअर १,१०१ रुपयांना दिला गेला आणि नोंदणीच्या दिवशी त्याच्या दीडपटीहून वर उघडला. पण ही विक्री सर्वस्वी जुन्या भागधारकांच्या शेअरची होती. तिच्यातला एक रुपयाही कंपनीच्या खात्यात आला नाही. गाजलेली समभाग विक्री म्हणजे कंपनीकडे पैसा, असा हिशेब मांडणाऱ्यांनी माहितीपत्रकाचे पहिले पानही वाचलेले नसते.

साठा पुढे निवडक गुंतवणूकदारांना शेअर देऊन उभा केला गेला. २०२३ मध्ये ७१४ रुपये दराने ५१० कोटी (त्यांतले ४१० कोटी एसबीआय म्युच्युअल फंडाचे, १०० कोटी गुंतवणूकदार निखिल कामत यांच्या बाजूचे), २०२४ च्या आरंभी २५० कोटी आणि त्याच वर्षी पुन्हा ९०० कोटी उभारण्याचा ठराव. या पैशाचा एक उपयोग दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घेण्याचा. ब्रिटनमधली फ्यूजबॉक्स २०२४ मध्ये सुमारे २२८ कोटींना घेतली गेली. नवा खेळ शून्यापासून करण्यापेक्षा चालता खेळ घ्यावा, असे हे धोरण. त्यासाठी सौदा समोर येईल त्या दिवशी पैसा तयार असावा लागतो.

मार्च २०२३ मधले एक पत्रक साठ्याचा दुसरा उपयोग दाखवते. १० मार्चला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. नझाराच्या किडोपिया आणि मीडियावर्क्झ या दोन उपकंपन्यांचे मिळून ७७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ६४ कोटी रुपये, त्या बँकेत होते. कंपनीने शेअर बाजाराला ही रक्कम कळवली आणि ती सोडून समूहाकडे ६०० कोटींहून अधिक रोकड असल्याचे त्याच पत्रात लिहिले. अमेरिकी सरकारने ठेवी सुरक्षित केल्या आणि पैसे मोकळे झाले. तोपर्यंत पगार कशातून करायचे, हा प्रश्न मात्र उठला नाही.

कायद्याचा फटका मोठा होता. ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. मागील काळाच्या करापोटी ओपनप्ले आणि हालाप्ले या उपकंपन्यांना मिळून १,१०० कोटींहून अधिक रकमेच्या नोटिसा आल्या. ही मागणी वादग्रस्त ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घातली. ‘पोकरबाजी’ चालवणाऱ्या मूनशाइन कंपनीत नझाराची मोठी गुंतवणूक होती. तिच्यापोटी त्याच तिमाहीत ९०० कोटींहून अधिक रक्कम पुस्तकातून उतरवावी लागली. साठ्याने कंपनी तगली, हे जितके खरे, तितकेच साठ्यातूनच ही गुंतवणूक झाली होती, हेही खरे.

साठा नसेल तर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. प्रकाशक मिळाल्यावर खेळ ऑगस्ट २०२० मध्ये बाहेर आला. प्रकाशकाच्या पैशाची या धंद्यातली सर्वसाधारण रीत अशी : खेळ होण्यापूर्वी आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते, खेळ विकू लागला की प्रकाशक आधी आपली रक्कम वळती करून घेतो, आणि ती फिटेपर्यंत बनवणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नाही.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाचकाला हा व्यवहार उचल या नावाने ठाऊक आहे. इथे भात मुख्यतः पावसाळी. आगोटीच्या आधी कणगीत तांदूळ, मडक्यात सुकट-बोंबील आणि पडवीत लाकूडफाटा भरून ठेवणारे घर आषाढ-श्रावण काढते. वरकस जमिनीवर नाचणी-वरई काढणाऱ्या किंवा जमीनच नसलेल्या कातकरी-ठाकूर घरांत एवढी बेगमी होत नाही. मग वीटभट्टीवाल्याची उचल घेतली जाते आणि दिवाळीनंतर सारे घर भट्टीवर जाते. हप्त्याला खर्चीपुरते पैसे मिळतात आणि हिशेब हंगामाअखेर होतो. तो मालकाच्या वहीतला. अंगावर रक्कम निघाली तर पुढच्या साली त्याच भट्टीवर. दर ठरवायची संधी उचल घेतली त्याच दिवशी संपलेली असते. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद आहे. उचल त्या व्याख्येत केव्हा बसते, यावर प्रत्येक प्रकरणी वाद होतो. पावसाळ्याच्या महिन्यांसाठी राज्याची खावटी कर्जाची योजना होती. २०२० मध्ये ती अनुदान म्हणून आली : कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख, निम्म्याच्या वस्तू. खेळांचे स्टुडिओ चालवणारे मात्र शिकलेसवरलेले असतात, वकील लावू शकतात, उपाशी राहत नाहीत. साम्य फक्त हिशेबाच्या रीतीत आहे. निन्टेन्डोने तोट्याच्या तीन वर्षांत कुणाची उचल घेतली नाही, म्हणून पुढचे यंत्र कसे आणि केव्हा काढायचे हे तिचे तिला ठरवता आले.

आक्षेप. पडून राहिलेला पैसा लाभांश म्हणून वाटावा, असे भागधारकांचे म्हणणे. व्यवस्थापनाला मोकळा पैसा दिसला की चुकीच्या खरेद्या होतात, असाही एक पक्ष आहे. वरील मूनशाइन प्रकरण त्याच्या बाजूने मांडता येते. किती महिन्यांच्या खर्चाइतकी रोकड पुरेशी, याचा सर्वमान्य आकडा नाही.

कर. ठेवींवरचे व्याज ‘इतर उत्पन्ना’त दाखवले जाते आणि करपात्र असते.